टाळूवरचा काळा डाग : मशेरीचा की आजाराचा?

फजरची अजान झाली की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या घराघरांत वुजूची लगबग सुरू होते. आपण चूळ भरतो, नाकात पाणी घेऊन नाक साफ करतो. पाण्यात कधी रक्त दिसले तर ‘उष्णता झाली’ म्हणतो. टाळूवर काळा डाग दिसला तर ‘मशेरीचा असेल’ म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा कारण साधेच असते. पण क्वचित त्यामागे म्यूकोसल मेलॅनोमा हा दुर्मीळ कॅन्सर असतो.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाकाच्या व तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरातही असतात. त्या बेसुमार वाढल्या की हा आजार होतो. पाश्चात्त्य देशांत मेलॅनोमाच्या शंभर रुग्णांत जेमतेम एकाला हा प्रकार आढळतो. उन्हाशी त्याचा संबंध नाही. तंबाखूमुळे तो होतो असेही सिद्ध झालेले नाही. मात्र मशेरीने तोंडाचा नेहमीचा कॅन्सर होतो, हे विसरू नये.

साठी ओलांडलेल्यांत तो जास्त दिसतो. नाकात झाला तर एकच नाकपुडी सतत बंद राहते, तिच्यातून वारंवार रक्त येते. तोंडात तो बहुधा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर होतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. बसणारी कवळी अचानक बसेनाशी होणे, हीही खूण असू शकते. हिरड्यांचा जन्मजात काळेपणा साधारण दोन्ही बाजूंना सारखा असतो. एकाच जागी नव्याने आलेला, पसरणारा किंवा उंचावलेला डाग वेगळा. काही गाठींना तर काळा रंगही नसतो.

या कॅन्सरच्या गाठीची प्रतवारी थेट तिसऱ्या पायरीपासून सुरू होते. पहिल्या दोन पायऱ्या त्यात नाहीतच. गाठ लहान असली तरी तो इतका गंभीर मानला जातो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी तक्रार ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा किंवा दंततज्ज्ञांना दाखवा. पुढे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे आणि 1941 पासून कॅन्सररुग्णांची सेवा करणारे मुंबईचे टाटा रुग्णालयही. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ या भीतीने तपासणी टाळू नका. निदान त्यावाचून होत नाही.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया, त्यानंतर बहुधा किरणोपचार. 2018 च्या नोबेलने गौरवलेल्या संशोधनातून आलेली इम्युनोथेरपीही काहींना उपयोगी पडते. आजार परत उलटू शकतो, म्हणून बरे वाटले तरी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. निघताना रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा आणि योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरातली दादी-नानी स्वतःहून सांगणार नाही. आज मगरिबनंतर उजेडात बसवून तिला तोंड उघडायला सांगा, कवळी काढून टाळू पाहा आणि विचारा, “नाक एकाच बाजूने बंद असते का?”