चार की सहा? आजोबांच्या जीपचा प्रश्न

संगमेश्वरला आमच्या घरामागे ताडपत्रीखाली आजोबांची महिंद्रा एमएम 540 उभी आहे. इंजिन जाम. भंगारवाला दोनदा बघून गेलाय आणि 'गणपतीपर्यंत काय ते ठरवा' असं बाबांनी सांगून टाकलंय. दादाचं ठरलंय. 'टर्बोवालं इंजिन टाकू. चार सिलिंडरचं की सहाचं, तेवढंच बोल!'

त्याच्या मोबाइलवर दोन नावं होती. टोयोटा सुप्राचं 2जेझेड-जीटीई आणि निस्सानचं एसआर20डीईटी. गंमत म्हणजे दोन्हींत सिलिंडरचा व्यास 86 मिमी, स्ट्रोकही 86 मिमी. माप एकच; एकात असे सहा, म्हणजे 2997 सीसी, दुसऱ्यात चार, 1998 सीसी. आपल्या हायवेवरच्या टाटाच्या ट्रकांतही हेच. 497 आणि 697 या इंजिनांत पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन व्यासाचे. हे कळल्यापासून मी ट्रककडे वेगळ्याच नजरेने बघते.

मग सहाच का नको? खरं सांगायचं तर सहाचं गाणं वेगळंच असतं. चारात क्रँकशाफ्टच्या दर 180 अंशांनी एक सिलिंडर पेटतो, सहात दर 120 अंशांनी. शिवाय एका रांगेतले सहा पिस्टन एकमेकांचे धक्के जवळपास पूर्ण खोडून काढतात. चारात क्रँकच्या दुप्पट गतीची एक थरथर उरतेच, म्हणून काही इंजिनांत तिच्यासाठी वेगळे बॅलन्सर शाफ्ट घालावे लागतात.

पण गॅरेजवाल्या काकांनी नुसती टेप धरली. 'बोनेट लागंल, पन रेडिएटर कुटं ठेवणार?'

मुद्दा लांबीचा आहे आणि वजनाचाही. सगळा भार पुढच्या चाकांवर. देवरूख, साखरपा करत आंबा घाटात शिराल तेव्हा प्रत्येक वळणावर नाक बाहेर ओढणार. त्यात जीपचा गिअरबॉक्स आणि ब्रेक साठेक बीएचपीच्या हिशेबाने बनलेले, आणि जपानी 2जेझेड कागदावरच 280 चं! टोयोटाने नवी सुप्रा दोन्ही इंजिनांत विकली, त्यातली चारवाली सुमारे 100 किलोंनी हलकी. आणि चारात दम नसतो असं कोणी म्हणालं तर 1983 चं फॉर्म्युला वन दाखवा: नेल्सन पिके बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडर टर्बोवर जगज्जेता झाला. (संघांचं विजेतेपद मात्र फेरारीच्या सहा सिलिंडर टर्बोने नेलं. दादाने हे लगेच ऐकवलं.)

माझं मत चारला. पण आरसी बुक उघडलं आणि चर्चाच थांबली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. कलम 182-अ नुसार शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आमच्या आरसीवर लिहिलंय डिझेल, 2112 सीसी, चार सिलिंडर. दादाची दोन्ही इंजिनं पेट्रोलची! जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, तेव्हा इन्स्पेक्टरला काय दाखवणार? अपघात झाला तर विम्याचं काय?

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच ताडपत्री काढली. आता जुन्याच प्यूजो इंजिनाचं हेड खोललंय आणि क्रँक लेथवाल्याकडे गेलाय. 'निदान याला टर्बो...' दादा पुटपुटला.

काकांनी हात पुसले. 'आधी चालू तर होऊ दे.'