न्यायाधीशांचे मूल्यमापन कशावरून करावे?

न्यायाधीश लोकांचा न्याय करतात. पण त्यांचे स्वतःचे काम बरे की वाईट हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात येथील सत्र न्यायालयाने दोन गाजलेल्या खटल्यांचे निकाल दिले. कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथील दलित विद्यार्थ्याच्या खुनाच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले.

अशा वेळी निकाल मनासारखा लागला तर न्यायाधीश चांगला आणि न लागला तर वाईट, असे आपण सहज म्हणून जातो. ही कसोटी टिकणारी नाही. तपास पोलिसांचा, साक्ष गावकऱ्यांची आणि मांडणी वकिलांची. पुढे आलेला पुरावा कायद्याच्या तराजूत तोलणे एवढेच न्यायाधीशाच्या हाती असते. जे पुढे आलेच नाही, ते त्याने तोलावे कसे?

मग रीतसर व्यवस्था कोणती? राज्यघटनेच्या २३५ व्या कलमाने जिल्हा व तालुका न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपविले आहे, सरकारकडे नव्हे. सरकार स्वतःच असंख्य दाव्यांत पक्षकार असते. त्याच्याच हाती न्यायाधीशाची बढती राहिली, तर न्यायदान निर्भय कसे राहील? उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली न्यायाधीशाचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. प्रकरणाच्या प्रकारानुसार ‘युनिट’ ठरवून कामाचे माप घेतले जाते. निकालपत्रांचा दर्जा, सचोटी आणि वागणूकही पाहिली जाते.

मोजमाप हवेच, पण त्यात एक धोका आहे. केवळ आकड्यांवर भर दिला, तर सोपी प्रकरणे भराभर निघतात आणि भाऊबंदांचा वाटणीचा जुना, किचकट दावा तसाच पडून राहतो. अपिलात फिरलेले निकाल मोजू लागलो, तर न्यायाधीश जामीन देतानाही कचरेल. म्हणूनच ईश्वरचंद जैन यांच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की प्रामाणिक न्यायाधीशांना क्षुल्लक तक्रारींपासून संरक्षण देणे हेही उच्च न्यायालयाचे कर्तव्य आहे. शिवाय दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, असे त्याच न्यायालयाने २००२ साली सांगितले. देशात आजही त्याच्या निम्मेदेखील नाहीत. विलंबाचा सगळा दोष एकट्या न्यायाधीशाच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

नागरिकांनी मग काय पाहावे? न्यायालयाचे कामकाज सामान्यतः सर्वांना खुले असते. न्यायाधीश वेळेवर आसनस्थ होतात काय, दोन्ही बाजू शांतपणे ऐकतात काय, तारखा विनाकारण पुढे ढकलतात काय, अडाणी पक्षकाराशी आदराने बोलतात काय, आणि हरलेल्यालाही आपण का हरलो हे निकालपत्रावरून कळते काय, हे कोणालाही पाहता येते. राष्ट्रीय न्यायिक माहिती-संचावर २०१५ पासून जिल्ह्यातील प्रलंबित खटल्यांची संख्याही उघडी आहे.

न्यायाधीशांची परीक्षा घेताना आपले कर्तव्य मात्र विसरता येणार नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते न्यायासनापुढे निर्भयपणे सांगणारा साक्षीदार गावाने जपला पाहिजे. तो उलटला, तर उत्तमातला उत्तम न्यायाधीशही हतबल होतो.