अरण्याची सहा इंच माती

अरण्य म्हटलें कीं डोळ्यांपुढें वृक्ष उभे राहतात. पायांखालच्या मातीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु वृक्ष तोडल्यावरहि अरण्य कांहीं काळ त्या मातींत जिवंत असतें. ही गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियांतील एका उदाहरणावरून वाचकांस सांगावी असें आम्हांस वाटतें.

पर्थ शहरापासून जवळच डार्लिंग नांवाच्या डोंगररांगेवर जारा वृक्षांचें अरण्य आहे. तेथील जमीन आपल्या कोंकणांतील जांभ्याच्या जातीची असून तींत ॲल्युमिनियमचें खनिज, बॉक्साइट, सांपडतें. १९६३ सालापासून अल्कोआ कंपनी तें काढीत आहे. खाणींची खोली सरासरी चार-पांच मीटरच. पण त्यांपायीं अरण्य मुळासकट जातें.

प्रारंभीं खणलेल्या जागेवर पूर्व ऑस्ट्रेलियांतील निलगिरीच्या जाती लावीत, कारण मुळें कुजविणाऱ्या एका रोगास जारा लवकर बळी पडतो. डोंगर हिरवे झाले. अरण्य मात्र परतलें नाहीं. १९८८ सालापासून स्थानिक वृक्षांचेंच बीं पेरूं लागले. झुडपें व रानफुलें यांचा मोठा आधार मात्र मातीच.

झाडें तोडल्यावर वरचा सुमारें १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचांचा, थर खरवडून घेतात व त्याखालची माती वेगळी काढतात. हा भेद महत्त्वाचा आहे. बहुतेक बीजें वरच्या दोनच इंचांत असतात. तीं खोल गाडलीं गेलीं तर अंकुर वर येत नाहीं. मातीचे ढीग घालून ठेवावे, तर बीजें नासतात. म्हणून खणून झालेल्या खड्ड्याचा तळ खोल फोडून, त्यावर आधीं खालची माती व मग दुसऱ्या जागेची ताजी माती लागलीच पसरतात.

कित्येक बीजें वणव्याच्या धुरानेंच जागीं होतात. धुरांतील तें द्रव्य २००४ सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं ओळखलें. कांहीं लव्हाळ्यांच्या जाती मात्र मातींतूनहि येत नाहींत. त्यांचीं रोपें प्रयोगशाळेंत वाढवून हातानें लावावीं लागतात. आणि काळे काकाकुवे ज्या ढोलींत घरटीं करितात, ती ढोली पडण्यास शंभराहून अधिक वर्षें लागतात. ती कोणतीहि माती लवकर देऊं शकत नाहीं.

वसु म्हणजे धन. तें धारण करणारी ती वसुंधरा. तिचें धन म्हणजे केवळ खनिज, असें आपण समजत आलों. कोंकणांत व गोव्यांतहि जांभ्याचे सडे खणले जात आहेत. आपल्या गांवीं खाणीचा प्रश्न निघाल्यास, ‘वरची माती कोठें नेणार आणि कधीं परत आणणार?’ एवढें वाचकांनीं आधीं विचारावें, अशी आमची विनंति आहे.