थंडीपूर्वी मोटारीच्या बॅटरीची परीक्षा

आपल्या सभासदांच्या घरी हल्ली मोठ्या व मोलाच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. फॉर्च्युनर तर पुष्कळच आहेत. क्वचित बीएमडब्ल्यू किंवा ऑडीही आढळते. परंतु मार्गशीर्ष-पौषातील एखाद्या पहाटे यांतलीच एखादी गाडी दारात मुकी उभी राहते. घरातील रुग्णास नागपूरला न्यावयाचे असेल, तर सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता पुढे, आणि गाडीचे दारही धड उघडत नाही. अशा वेळी ‘थंडीने बॅटरी मेली’ असा निवाडा सर्वत्र ऐकू येतो. हा निवाडा अपुरा आहे. बॅटरीचा घात बहुधा आपला उन्हाळा करतो. थंडी तो फक्त उघडकीस आणते.

फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांची जी बॅटरी बनविली, तिचेच तत्त्व आजही मोटारीत आहे. सहा घट, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की आतील झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. आदिलाबादचा वैशाख, त्यात इंजिनाशेजारची जागा. तेव्हा शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी आटते. तरीही गाडी चालू होत राहते, कारण उष्ण हवेत इंजिन हलके फिरते. पुढे तेलंगणातील अत्यंत थंड भागांत गणल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात पारा दहा अंशांखाली उतरतो. तेल घट्ट होते, डिझेल इंजिनाला अधिक जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते. २७ अंशांवर ती जेवढे बळ देते, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच शून्य अंशावर देते. उन्हाळ्यात झालेली तूट अशी हिवाळ्यात वसूल होते.

जुन्या अँबॅसडरला हँडल मारता येई किंवा चार हमाल धक्का देत. आजच्या स्वयंचलित गिअरच्या गाडीस धक्का मारून सुरू करता येत नाही. म्हणूनच दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते त्या सुमारास बॅटरीचीही तपासणी उरकून घ्यावी.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टमीटर लावावा. १२.६ किंवा अधिक आले तर बॅटरी भरलेली समजावी, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. पण येथेच थांबू नये. हा आकडा म्हणजे केवळ शिल्लक, पत नव्हे. पोते वरून भरलेले दिसते म्हणून आपण सौदा करीत नाही, आतला नमुना काढून पाहतो. बॅटरीचा नमुना म्हणजे भारचाचणी. तिच्या अंगावर ‘सीसीए’ या अक्षरांपुढे जो आकडा असतो, त्याच्या निम्मे अँपिअर पंधरा सेकंद काढून घेतात. साधारण २१ अंश उष्णतामानात त्या वेळी व्होल्ट ९.६ च्या खाली गेले, तर ती बॅटरी हिवाळा काढील असा भरवसा धरू नये. मात्र चाचणीपूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. नाहीतर चांगली वस्तूही नापास ठरते. दुकानदाराने नुसता दिवा लावून ‘ठीक आहे’ म्हटले, तर ती परीक्षा मानू नये.

मोठ्या गाडीचा एक छुपा खर्चही असतो. कुलूप लावल्यावरही तिची घड्याळे व यंत्रणा थोडी वीज पीत राहतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसास १.२ आणि महिन्यास ३६ अँपिअर-तास होतात. म्हणजे ८० अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत जवळजवळ निम्मी रिकामी! घर ते दुकान एवढ्याच फेरीत ही भरपाई होत नाही. गाडी लग्नकार्यापुरतीच निघत असेल, तर घरी चार्जर ठेवणे स्वस्त पडते.

बदलण्याची वेळ आली की किमतीचा मोह आवरावा. थांब्यावर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत बहुधा ‘एजीएम’ जातीची बॅटरी असते. तिच्या जागी साधी बसविली तर ती लवकर बसते. नव्या बॅटरीवरील निर्मितीचा महिनाही पाहावा. कपाटात वर्षभर पडलेला माल नवा नव्हे. बीएमडब्ल्यू एक्स ५ मध्ये बॅटरी मागच्या सामानाच्या जागेखाली, ऑडी क्यू ७ मध्ये पुढच्या आसनाखाली असते. अशा ठिकाणी वायू बाहेर नेणारी नळी परत जोडली की नाही, हे स्वतः पाहावे. पुष्कळशा गाड्यांच्या संगणकास नव्या बॅटरीची नोंद द्यावी लागते, नाहीतर तो तिला जुन्या बॅटरीप्रमाणेच भरीत राहतो. हे काम ज्याच्याकडे योग्य उपकरण आहे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. काढताना ऋण तार प्रथम सोडावी, बसविताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पान्याची ठिणगी पडत नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्यास देऊ नये व तिचे आम्ल नालीत ओतू नये. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था आहे. दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे नव्या किमतीतून वजा करतात. ती रक्कम पावतीवर वेगळी लिहून घ्यावी, आणि हमीपत्रावर बसविल्याची तारीख दुकानाच्या शिक्क्यासह घालून घ्यावी.