घोड्याच्या डोळ्याचा कर्करोग

आपल्यापैकीं बहुतेकांच्या दारीं आतां घोडा नाहीं. टांग्यांचा जमाना मागें पडला. तरी माथेरानला गेलें कीं घोड्यावर बसणें होतें, आणि शहरांतल्या वरातींतही नवरदेवासाठीं पांढरी घोडी शोधली जाते. या पांढऱ्या घोडीपासूनच आजच्या विषयाला आरंभ करतों.

पांढरे दिसणारे सगळेच घोडे एका प्रकारचे नसतात. पुष्कळसे जन्मतः काळे किंवा तांबडे असून वयाबरोबर पांढरे होत जातात. त्यांचे केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळीच राहते. (अशा घोड्यांना निराळ्या जातीचीं काळीं अर्बुदें होतात, तो विषय वेगळा.) दुसरे घोडे, ज्यांना उत्तर भारतांत ‘नुकरा’ म्हणतात, ते जन्मापासूनच पांढरे, त्यांची कातडी गुलाबी, नाकपुड्या गुलाबी आणि पापण्यांच्या कडाही गुलाबी. वरातीच्या झगमगाटांत हा रंग मोठा शोभून दिसतो. अश्ववैद्याची नजर मात्र काळजीनें प्रथम त्या पापण्यांकडेच जाते.

कातडींतील काळें रंगद्रव्य म्हणजे निसर्गानें दिलेली छत्री होय. ती जेथें नाहीं, तेथें सूर्याचे अतिनील किरण पृष्ठभागावरील पेशींना वर्षानुवर्षें इजा करीत राहतात, आणि अखेर एखादी पेशी आपली मर्यादा सोडून वाढूं लागते. चपट्या पेशींचा हा कर्करोग घोड्याच्या डोळ्यांत व डोळ्याभोंवतीं होणाऱ्या अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणारा आहे. त्याचीं ठरलेलीं ठाणीं तीन: खालची पापणी, डोळ्याचा पांढरा भाग व बुबुळ यांचा सांधा, आणि घोड्याला आपल्याहून अधिक लाभलेली तिसरी पापणी. ही तिसरी पापणी नाकाकडील कोपऱ्यांत दडलेली असते आणि डोळा आंत ओढला गेला कीं आडवी सरकून त्याला झांकते.

दोष केवळ रंगाचा असता तर गोष्ट सोपी होती. दक्षिण टिरोलच्या, म्हणजे आतां इटलींत असलेल्या पहाडी मुलुखांतला हाफलिंगर हा घोडा अंगानें सोनेरी तांबूस व फिकट आयाळीचा. त्या जातीचा सारा वंश १८७४ सालीं जन्मलेल्या ‘फोली’ नांवाच्या एका वळूघोड्यापर्यंत पोंचतो. या घोड्यांत बुबुळाच्या सांध्यावरील कर्करोग विशेष दिसे. सूर्यकिरणांनीं पेशींतील आनुवंशिक द्रव्याला होणारी इजा हुडकून दुरुस्तीची वाट मोकळी करणारें एक प्रथिन असतें. त्याच्याच जनुकांत येथें दोष असल्याचें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथल्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. आई व बाप या दोघांकडूनही हा दोष आलेल्या घोड्याला रोगाची भीति इतरांच्या पांचपटींहून अधिक असते. पुढें बेल्जियन जातीच्या अवजड घोड्यांतही तोच दोष सांपडला. केसांच्या मुळांवरून तो आतां तपासतां येतो, आणि दोष वाहणाऱ्या नरमादीची जोडी न लावणें हें पैदास करणाराच्या हातीं आहे.

आतां उपचाराकडे वळूं. येथें खरा शत्रु दिरंगाई. आरंभीं पापणीच्या कडेला एक गुलाबी, खरखरीत उंचवटा किंवा न भरणारी जखम दिसते. डोळ्यांतून पाणी व चिकट स्राव येतो. घोडा खातो, चालतो, फारसें दुखत असल्याचें दाखवीत नाहीं. धनी म्हणतो, धूळ गेली असेल, माशी बसली असेल. एखादें अंजन घातलें जातें आणि महिने उलटतात. डाळीएवढी गांठ सुपारीएवढी होते. माश्यांमार्फत येणाऱ्या कृमींचा व्रणही असाच दिसतो, म्हणून तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याविना निदान पक्कें होत नाहीं. रोग जबड्याखालील गांठींत शिरला आहे काय, हेंही तेव्हांच चांचपून पाहतात. तो सहसा सावकाश पसरतो, पण पसरतो.

शस्त्रक्रिया हा उपचाराचा निम्माच भाग होय. डोळ्यास दिसणारी गांठ कापली तरी कडेला चारदोन पेशी राहतात, आणि नुसतें कापून थांबलेल्या ठिकाणीं रोग पुष्कळदां परत येतो. म्हणून कापल्यावर त्या जागेवर दुसरा मारा करतात. कोठें द्रवरूप नत्रवायूनें, ज्याचें उष्णमान शून्याखालीं १९६ अंशांपर्यंत असतें, ती जागा गोठवितात, वितळूं देतात व पुन्हा गोठवितात. कोठें स्ट्राँशियम-९० हें किरणोत्सर्गी द्रव्य बसविलेली दांडी जखमेवर कांहीं वेळ टेकवितात. त्याचे किरण वरच्या दोनतीन मिलिमीटरांतच बहुतेक खर्ची पडतात, आणि म्हणूनच खालच्या नाजूक भागाला इजा न होतां पृष्ठभागावरील पेशी मरतात. मला ही योजना सर्वांत सुबक वाटते, पण तें साधन मोजक्याच रुग्णालयांत असतें.

बुबुळावर पसरलेल्या रोगासाठीं मायटोमायसिनचे थेंब वापरतात. डोकें झटकणाऱ्या घोड्याच्या डोळ्यांत दिवसांतून अनेकदां थेंब घालणें सोपें नव्हे. यासाठीं पापणींतून एक बारीक नळी बसवून ती आयाळींतून खांद्यापर्यंत नेतात आणि औषध तेथून सोडतात. औषध विषारी असल्यानें देणारानें हातमोजे घालावे लागतात.

तिसऱ्या पापणीचा रोग वेळीं कळला तर ती समूळ काढतां येते. घोड्याला गुंगी देऊन, डोळा बधिर करून, उभ्यानेंच हें काम होतें आणि डोळा शाबूत राहतो. खालच्या पापणीचें तसें नाहीं. ती फार कापली तर डोळा मिटत नाहीं आणि कोरडा पडतो. म्हणून तेथें कापणें थोडें ठेवून गांठींत सिसप्लॅटिन टोंचणें, गोठविणें किंवा किरणोपचार करणें यांवर भर देतात.

रोग आंत खोल गेला तर डोळाच काढावा लागतो. येथें धन्याचा जीव कासावीस होतो, आणि कित्येकदां घोड्यापेक्षां त्याच्या रूपाचीच चिंता अधिक असते. वस्तुतः दुखरा डोळा गेल्यावर पुष्कळ घोडे लौकरच चरूं लागतात, कांहीं आठवड्यांत एका डोळ्याची संवय करून घेतात आणि स्वारीही देतात. मात्र त्या बाजूनें जातांना आधीं आवाज द्यावा.

उपचार झालेल्या घोड्याचे दोन्ही डोळे पुढेंही दर कांहीं महिन्यांनीं तपासावे लागतात, कारण ऊन दोन्ही डोळ्यांवर सारखेंच पडलेलें असतें. अतिनील किरण अडविणाऱ्या जाळीचे मुखवटे आतां मिळतात; दुपारीं ते बांधावे, आणि उन्हाच्या भरांत घोडा सावलींत ठेवावा.