रंधा यंत्र घरी आणताना

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी आणि आसपासच्या खेड्यांत सुताराचा धंदा पूर्वी शेतीशी बांधलेला होता. वखर, तिफण, गाडीची चाके घडवावयाची आणि सुगीत खळ्यावर बलुते घ्यावयाचे, असा तो व्यवहार. ट्रॅक्टर व लोखंडी अवजारे आली तसे ते काम ओसरले. आता मागणी असते ती चौकटी, खिडक्या, दिवाण व देवघरे यांची; आणि गिऱ्हाइकाला हवी असते गुळगुळीत फळी व कडेला सुबक गोलाई. साहजिकच विजेवर चालणारे रंधा यंत्र पडवीत बसवावे, असा विचार कारागिराच्या मनात येतो.

हे यंत्र काही नवे नव्हे. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांना अशा यंत्राचे पेटंट १८२८ सालीच मिळाले होते. वेगाने फिरणाऱ्या दंडावर दोन किंवा तीन पाती बसविलेली असतात. रूळ फळी पुढे ओढतात आणि पाती तिचा पृष्ठभाग तासतात. काही यंत्रांत साध्या पात्यांबरोबर वा त्यांच्या जागी नक्षीची पाती बसवून चौकटीची गोलाई काढता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हे यंत्र फळीची जाडी सर्वत्र सारखी करते. वाकडी फळी सरळ करीत नाही. रुळांच्या दाबाखाली वाकलेली फळी क्षणभर सपाट होते, तासली जाते आणि बाहेर पडताच पुन्हा वाकते. म्हणून प्रथम एक बाजू हातरंध्याने सपाट करावी, तीच खाली ठेवून यंत्रात दुसरी बाजू काढावी, कड गुण्याला लावून तपासावी आणि नक्षीचे काम सर्वांत शेवटी घ्यावे. वडिलांचा रंधा माळ्यावर टाकण्याची घाई करू नये, तो याचसाठी. लाकूडही पुरते वाळलेले हवे. ओल्या लाकडाची चौकट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आकसते आणि दोष मात्र सुताराच्या माथी येतो.

एका फेरीत साधारण एक मिलिमीटरपेक्षा अधिक लाकूड काढण्याचा हव्यास नसावा. रेषांच्या उलट दिशेने फळी घातल्यास ढलप्या उडतात. टोकांशी पाते किंचित खोल जाते, म्हणून फळी थोडी लांबच घ्यावी आणि टोके मागाहून कापावीत. जुन्या वाड्याचे सागवान उत्तम खरे. पण त्यात दडलेला एखादा खिळा नव्या पात्यांचा घात करतो.

धोका मोठा आहे आणि तो क्षणात घडतो. आखूड तुकडा यंत्रात घालू नये. फळी अडकल्यास हात आत न घालता वीज तोडावी. पाती बदलताना तर प्लगच काढून ठेवावा. फळी मागे उसळू शकते, म्हणून तिच्या रेषेत उभे राहू नये. सैल बाह्या, उपरणे, हातातील कडे ही सारी संकटाला निमंत्रणे होत. यंत्राला स्वतंत्र जाड वायर व अर्थिंग द्यावे. दाब कमी असताना मोटार जळण्याचा संभव असतो. भुशाकडेही दुर्लक्ष नको. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, मागचे दार उघडे ठेवावे.

खर्चासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचा विचार करता येईल. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, अशी तिची तरतूद आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रात होते आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते.