वीस की तीस?

बारामतीच्या हवेत दोन कम्युनिटी रेडिओ केंद्रे बोलतात. विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर. अशा केंद्रांचे ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचे असतात, अँटेना जमिनीपासून फार तर ३० मीटर उंच आणि पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा. म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या सणसर-भवानीनगरपर्यंत आवाज गेला तर गेला. इंदापूर शहर पन्नासेक किलोमीटरवर, ते हिशेबातच नाही. अशा वेळी मिक्सरवरची कळ थोडी वर सरकवावी, म्हणजे आवाज आणखी चार गावे ओलांडेल, असा मोह कुणालाही होईल. पण एफएममध्ये आवाज चढवून पल्ला वाढत नाही. उलट, पल्ल्याच्या कडेवरच्या श्रोत्याला जे नीट ऐकू येत होते, तेही बिघडते.

हा समज मध्यमलहरींच्या काळातला आहे आणि तिथे तो निराधारही नाही. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकू येते, त्या पद्धतीत आवाजाबरोबर लहरीची उंची बदलते. आवाज कमाल मर्यादेला, म्हणजे पूर्ण मोड्युलेशनला, पोचला की प्रक्षेपित शक्ती दीडपट होते. एफएममध्ये उंची तशीच राहते, बदलते ती वारंवारता. निवेदक गप्प असो की ओरडत असो, ५० वॅट ते ५० वॅटच. आवाज मोठा झाला की लहर आपल्या मूळ जागेपासून दोन्ही बाजूंना अधिक लांब झुलते, एवढेच. या झोक्याची ठरलेली मर्यादा ७५ किलोहर्ट्झ आहे. रेडिओ संचातली गाळणी तेवढ्याच हिशेबाने बनवलेली असते. झोका त्याबाहेर गेला की त्याचे टोक छाटले जाते आणि आवाज फाटतो. ९०.४ आणि ९०.८ मध्ये ४०० किलोहर्ट्झचे अंतर आहे, त्यामुळे झोका दुप्पट झाला तरी लगेच शेजारच्या केंद्रावर चढाई होत नाही. पहिला फटका स्वतःच्याच श्रोत्याला बसतो.

आता खरी मेख. एफएममध्ये वरच्या पट्टीत खरखर जास्त असते, म्हणून ट्रान्समीटरमध्ये शिरताना आवाजातले तीव्र स्वर मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओ संच ते पुन्हा तेवढेच उतरवतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात. भारतात त्याचे माप ५० मायक्रोसेकंद आहे. १ किलोहर्ट्झच्या स्वराला त्याने जवळजवळ काहीच होत नाही, ६ किलोहर्ट्झचा स्वर दुपटीहून थोडा जास्त होतो आणि १५ किलोहर्ट्झचा जवळपास पाचपट. ‘स’, ‘श’ या ऊष्म वर्णांचा जोर या वरच्या पट्टीत असतो. मिक्सरवरची सुई प्री-एम्फसिसच्या आधीचे माप दाखवते; तिच्या दृष्टीने सगळे आलबेल असते आणि ट्रान्समीटरमध्ये ‘स’ने मर्यादा ओलांडलेली असते. कुणी म्हणेल, ‘स’ तर ‘आ’पेक्षा कितीतरी हळू असतो. खरे आहे, म्हणूनच बहुतेक वेळा निभावते. पण माइक तोंडाला चिकटवून, वर लेव्हल चढवून बोलले की ती सवलत संपते. आणि मराठीत हा वर्ण चुकवणार कसा? सणसर, शिर्सुफळ, ऊस, सोसायटी, पाऊस हे शब्द राहू द्या, एकोणीसपासून पन्नासपर्यंतचा प्रत्येक आकडा ‘स’वरच संपतो. पंपाला औषध वीस मिली घालायचे की तीस, हे पहिल्या अक्षरावरून ओळखायचे असते. त्यातला ‘त’चा बारीक स्फोटही याच वरच्या पट्टीतला.

मग लिमिटर लावला की झाले, असे वाटेल. लिमिटर म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारी शेवटची वेस. ती प्री-एम्फसिसच्या आधी उभी केली तर चोर मागच्या दाराने शिरतो; ती वाढीनंतर असावी किंवा वाढीचा हिशेब धरणारी असावी. शिवाय तिच्यावर सगळा भार टाकला तर दुसरीच कटकट. सतत दाबत राहणारा लिमिटर दोन वाक्यांमधल्या विश्रांतीत ढील देतो आणि स्टुडिओतल्या पंख्याची घरघर अंगावर येते. म्हणून बोलण्यातली चढउतार आधी कॉम्प्रेसरने हलकेच आवरावी आणि लिमिटरने क्वचितच हात घालावा. लॅपटॉपचा आवाज आणि व्यावसायिक मिक्सरचा आवाज यांच्या प्रमाण पातळ्यांत जवळपास चौपट फरक असतो (०.३१६ व्होल्ट आणि १.२३ व्होल्ट), तो साखळीच्या सुरुवातीलाच जुळवायला हवा. पुण्याची केंद्रे दणदणीत वाजतात आणि आपले मिणमिणते, ही तक्रारही खोटी नाही. झोका निम्मा ठेवला तर खरखरीच्या तुलनेत आवाज ६ डेसिबलने खाली जातो आणि सणसरच्या श्रोत्याला तो फरक जाणवतो. पण त्यावर इलाज सरासरी आवाज वर आणणे हा आहे, शिखरे उडवणे हा नव्हे.

मोजायला महागडे यंत्र हवे, ही सबबही आता चालत नाही. यूएसबीत बसणारा स्वस्तातला रिसीव्हर लॅपटॉपला जोडला की वर्णपट पडद्यावर दिसतो. मोनो ठेवून १३.५८७ किलोहर्ट्झचा एकच स्वर सोडावा आणि पातळी शून्यापासून हळूहळू वाढवावी. मधली उभी रेघ, म्हणजे मूळ लहर, एकदा नाहीशी होते, पुन्हा उगवते आणि दुसऱ्यांदा नाहीशी होते. त्या दुसऱ्या वेळी झोका नेमका ७५ किलोहर्ट्झ असतो. बेसेलच्या गणिताचा हा हिशेब आहे, त्यात अंदाजाला जागा नाही. लिमिटर टोकाला लागलेला असताना ही रेघ तिथे मावळेल अशी ट्रान्समीटरची लेव्हल लावावी आणि त्या बटणावर चिकटपट्टी मारून टाकावी. मग स्टुडिओबाहेर, मोबाइलच्या हेडफोनवर, निवेदकाला ‘वीस, तीस, चाळीस’ म्हणायला लावून ऐकावे.